कुडाळ-मालवण विधानसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की आमच्याकडे तेच तेच प्रश्न येऊ लागतात. काही मुंबईच्या चाकरमान्यांचे असतात, काही पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलामुलींचे, काही स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांचे. काही प्रश्नांत आधीच ठरवलेलं उत्तर दडलेलं असतं. त्या सगळ्यांतून हे पान तयार केलं आहे. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, गुंत्याचे नंतर. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मतदारसंघाचं नाव नक्की काय? कुणी कुडाळ म्हणतं, कुणी मालवण, कुणी कुडाळ-मालवण.

निवडणूक आयोगाच्या यादीत नाव आहे फक्त 'कुडाळ', क्रमांक २६९. त्यात मालवण आणि कुडाळ हे दोन तालुके येतात. मालवणची माणसं नुसतं 'कुडाळ' म्हणायला तयार नसतात, म्हणून बोलताना आणि बातम्यांत 'कुडाळ-मालवण' रूढ झालं. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आणखी दोन मतदारसंघ आहेत. २६८ कणकवलीत देवगड, वैभववाडी आणि कणकवली हे तालुके आहेत, तर २७० सावंतवाडीत सावंतवाडी, वेंगुर्ला आणि दोडामार्ग. जिल्ह्याचं मुख्यालय ओरोस हे कुडाळ तालुक्यात आहे, त्यामुळे जिल्हाधिकारी कचेरीही याच मतदारसंघात येते.

२. माझ्या आईच्या जुन्या मतदान चिठ्ठीवर 'मालवण मतदारसंघ' आहे. तो कधी गेला?

२००८ साली. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून देशभरातल्या मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या. महाराष्ट्रात विधानसभेसाठी नव्या हद्दी पहिल्यांदा वापरल्या गेल्या त्या ऑक्टोबर २००९ मध्ये. मालवण, वेंगुर्ला आणि देवगड ही मतदारसंघांची नावं तेव्हापासून यादीतून गेली.

कारण साधं होतं. मतदारसंघ लोकसंख्येवर आखले जातात आणि कोकणातली घरं तर रिकामी होत चाललेली. मुंबई, ठाणे, पुण्याच्या जागा वाढल्या, आमच्या कमी झाल्या. ज्या गावांनी मुंबईला माणसं पुरवली, त्याच गावांचा विधानसभेतला आवाज त्या पाठवणीमुळे बारीक झाला. मला ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोचणारी गोष्ट वाटते, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

जुना मालवण आणि आजचा कुडाळ यांच्या हद्दी तंतोतंत जुळत नाहीत. आकडे ताडून पाहताना काय काळजी घ्यायची, ते प्रश्न १९ मध्ये आहे.

३. १९९० पासून इथे कोण कोण निवडून आलं?

१९९०, १९९५, १९९९ आणि २००४ या चारही वेळा मालवणमधून शिवसेनेचे नारायण राणे. नोव्हेंबर २००५ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा राणेच, पण काँग्रेसचे. २००९ मध्ये नव्या कुडाळ मतदारसंघातून काँग्रेसचे नारायण राणे. २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेचे वैभव नाईक. २०२४ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या नेतृत्वाखालच्या शिवसेनेचे नीलेश राणे, म्हणजे नारायण राणेंचे पुत्र.

म्हणजे पोटनिवडणूक धरून एकूण ९ लढती. ७ वेळा राणे आडनावाचा उमेदवार आला आणि २ वेळा वैभव नाईक. चिन्हांचा हिशेब केला तर धनुष्यबाणही ७ वेळा जिंकला आणि हात २ वेळा. पण ते ७ आणि हे ७ एकच नव्हेत. या मतदारसंघाची बरीचशी कहाणी या फरकात आहे. या ९ लढतींत कमळावर इथून कुणी निवडून आलेलं नाही.

४. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते मालवणचे आमदार होते का?

नाही. हा गोंधळ फार होतो. दोघेही खासदार होते आणि राजापूर लोकसभा मतदारसंघातून निवडून यायचे. आपला भाग त्या मतदारसंघात होता.

नाथ पै वेंगुर्ल्याचे. १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात असताना, ते प्रजा समाजवादी पक्षाकडून लोकसभेत गेले. १९६२ आणि १९६७ मध्येही आले. १८ जानेवारी १९७१ रोजी ऐन निवडणुकीच्या तोंडावर त्यांचं निधन झालं. त्यानंतरच्या सार्वत्रिक निवडणुकीत दंडवते उभे राहिले. ते मूळचे अहमदनगरचे, पण कोकणाने त्यांना सलग पाच वेळा दिल्लीला पाठवलं: १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत १९८४ साली देशभर विरोधकांची वाताहत झाली, तेव्हाही राजापूरने दंडवत्यांनाच निवडलं. १९९१ मध्ये मात्र काँग्रेसचे सुधीर सावंत जिंकले. १९९६ पासून ही जागा शिवसेनेच्या सुरेश प्रभूंकडे गेली आणि २००९ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि १९८९ मध्ये अर्थमंत्री. कोकण रेल्वेसाठी त्यांनी केलेला पाठपुरावा इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आजही ठाऊक आहे. कुडाळ स्थानकात उतरताना मला ते आठवतात.

५. स्वातंत्र्याच्या आधी इथे निवडणुका व्हायच्या का?

मालवणात व्हायच्या, कुडाळात नाही. मालवण तालुका ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात होता. १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ साली प्रांतिक विधानसभेच्या निवडणुका झाल्या, त्यात मालवणच्या मतदारांनी भाग घेतला. मात्र शेतसारा, कर किंवा शिक्षण अशा अटींत बसणाऱ्यालाच मत होतं, त्यामुळे कुळं आणि मजूर बहुतेक बाहेरच राहिले.

कुडाळ सावंतवाडी संस्थानात होतं, आणि संस्थानी प्रजेला प्रांतिक निवडणुकीत मत नव्हतं. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत खाडीच्या अलीकडची आणि पलीकडची माणसं पहिल्यांदा एकाच हक्काने मतदानाला गेली.

'मालवणचं मत आणि कुडाळचं मत वेगळं असतं' असं जुनी माणसं म्हणतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यामागे हाही इतिहास असतो. एकीकडे बंदर, व्यापार आणि इंग्रजी अंमल. दुसरीकडे राजाची सावली, भातशेती आणि देवस्थानांचे मान.

६. इतकी वर्षं समाजवादी माणसं निवडून देणारा मुलूख १९९० मध्ये अचानक शिवसेनेकडे कसा वळला?

अचानक वळला नाही. मुंबईतून हळूहळू वळत आला.

आमच्या बहुतेक घरांची चूल मनीऑर्डरवर पेटायची. घरचा कर्ता परळ, लालबाग, गिरगावात. गिरणीत नाहीतर गोदीत कामाला. गाववाल्यांच्या खोलीत राहायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि हजारो घरांचा आधार गेला. मुंबईतल्या चाळींत अडीअडचणीला शिवसेनेची शाखा उभी राहत होती. गणपतीला गावी येणारा चाकरमानी शिधा आणि कपड्यांबरोबर शाखेचं राजकारणही घेऊन येऊ लागला. ऐंशीच्या दशकाअखेर शिवसेनेने मुंबई-ठाण्याबाहेर पाय पसरायला सुरुवात केली, तेव्हा कोकणात तिला नव्याने ओळख करून द्यावी लागली नाही.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मतदानाचं वय २१ वरून १८ झाल्यानंतरची राज्यातली पहिली विधानसभा निवडणूक १९९० चीच. वाडीवाडीतली १८ ते २० वर्षांची पोरं त्या वेळी पहिल्यांदा रांगेत उभी होती. त्या वर्षी राज्यात शिवसेनेच्या ५२ जागा आल्या, त्यात मालवण एक. मुंबई महापालिकेत नगरसेवक राहिलेले नारायण राणे तिथून विधानसभेत गेले.

तेव्हा लोकसभेला दंडवते (१९८९) आणि तीनच महिन्यांनी विधानसभेला राणे, असं याच माणसांनी मतदान केलं. इथला मतदार दोन पेट्यांत दोन विचार टाकू शकतो, हे तेव्हाच दिसलं होतं. पुढचं प्रश्न १५ मध्ये आहे.

७. मालवणचा आमदार मुख्यमंत्री झाला होता, हे खरं का?

खरं आहे. मनोहर जोशींनी राजीनामा दिल्यावर १ फेब्रुवारी १९९९ रोजी नारायण राणे मुख्यमंत्री झाले. त्या वर्षी विधानसभेची निवडणूक मुदतीआधी, लोकसभेबरोबरच सप्टेंबरमध्ये झाली. राणे मालवणमधून आले, पण शिवसेना-भाजप युतीचं बहुमत गेलं. १८ ऑक्टोबर १९९९ ला विलासराव देशमुखांनी सूत्रं घेतली. साडेआठ महिन्यांचा कारभार. त्यानंतर २००५ पर्यंत राणे विधानसभेत विरोधी पक्षनेते होते.

८. २००४ ला निवडून आल्यावर २००५ ला पुन्हा निवडणूक का झाली? आणि शिवसेनेचं डिपॉझिट खरंच गेलं का?

जुलै २००५ मध्ये शिवसेनेने राणेंना पक्षातून काढलं. त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला, काँग्रेसमध्ये गेले आणि मंत्री झाले. विधानसभेची जागा रिकामी झाली की साधारणपणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. तशी ती नोव्हेंबर २००५ मध्ये झाली.

शिवसेनेचे उमेदवार होते परशुराम उपरकर. राणे प्रचंड फरकाने जिंकले आणि उपरकरांची अनामत रक्कम जप्त झाली. अनामत वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, तेवढी त्यांना पडली नाहीत. चार वेळा धनुष्यबाण जिंकवणाऱ्या मतदारसंघात त्याच चिन्हाचं डिपॉझिट गेलं. त्या दिवसांत वाड्यावाड्यांत तणाव होता, घराघरांत दोन तट पडले होते. एका पंगतीला बसणाऱ्यांचं बोलणं बंद झालेलं मी माझ्या वाडीत पाहिलं आहे, त्यामुळे या निवडणुकीवर हसतखेळत लिहिणं मला जमत नाही.

९. मग २०१४ ला नारायण राणे हरले कसे?

आधी आकडे पाहा. वैभव नाईक ७०,५८२, नारायण राणे ६०,२०६, फरक १०,३७६. याच दोघांत २००९ साली राणे वीस हजारांहून जास्त मतांनी पुढे होते. पाच वर्षांत पारडं पुरतं फिरलं.

कारणं बरीच सांगितली जातात. मला तीन महत्त्वाची वाटतात. एक, वातावरण आधीच बदललं होतं. मे २०१४ मध्ये लोकसभेला नीलेश राणे दीड लाखाहून जास्त मतांनी पडले. त्यानंतर नारायण राणेंनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि पुढे मागे घेतला, त्याने कार्यकर्ते गोंधळले. दुसरं म्हणजे २००५ च्या पराभवानंतर शिवसेनेने इथे गावपातळीवर पुन्हा बांधणी केली. वैभव नाईक २००९ ला हरल्यावर घरी बसले नाहीत, पाच वर्षं गावोगाव फिरत राहिले. तिसरं, राज्यात १५ वर्षं चाललेल्या काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी सरकारविरुद्धचा राग.

त्या वर्षी युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या होत्या आणि चारही मोठे पक्ष वेगळे लढले. काही जण म्हणतात, मतविभागणीने राणे पडले. मला ते पटत नाही. भाजपची मतं बाहेर जाण्याचा फटका शिवसेनेलाही बसलाच असता. राणेंच्या बाजूने घटली ती त्यांची स्वतःचीच मतं.

१०. राणे त्यानंतर वांद्र्यातून उभे राहिले होते ना? त्याचा इथल्या राजकारणाशी काय संबंध?

एप्रिल २०१५ मध्ये वांद्रे पूर्वच्या पोटनिवडणुकीत ते काँग्रेसतर्फे लढले आणि शिवसेनेच्या तृप्ती सावंत यांच्याकडून १९,००८ मतांनी हरले. सहा महिन्यांत दुसरा पराभव. पुढे ते विधान परिषदेवर गेले. २०१७ मध्ये काँग्रेस सोडून त्यांनी महाराष्ट्र स्वाभिमान पक्ष काढला. २०१८ मध्ये भाजपच्या पाठिंब्याने राज्यसभेवर गेले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये पक्ष भाजपमध्ये विलीन केला. ही वळणं ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे दोन प्रश्न कळणार नाहीत.

११. २०१९ ला युती होती, तर वैभव नाईकांविरुद्ध लढलं कोण?

रणजित देसाई, अपक्ष, राणे समर्थक. युतीत जागा शिवसेनेची होती, म्हणून कमळ चिन्हावर इथे कुणी नव्हतं. नाईकांना ६९,१६८ आणि देसाईंना ५४,८१९ मतं पडली. फरक १४,३४९.

शेजारच्या कणकवलीत याच वेळी उलटं चित्र होतं. तिथे भाजपचे नितेश राणे (नारायण राणेंचे दुसरे पुत्र) उभे होते आणि युती असूनही शिवसेनेने सतीश सावंतांना त्यांच्यासमोर उतरवलं. राज्यात युती आणि सिंधुदुर्गात उघड लढाई. मुंबईत झालेला समझोता करूळ घाट उतरून खाली येईलच असं नसतं.

१२. २०२४ ला दोन्ही बाजूंना शिवसेनाच होती का? नीलेश राणे तर भाजपमध्ये होते.

होय, दोन्ही बाजूंना. जून २०२२ च्या फुटीत वैभव नाईक उद्धव ठाकरेंबरोबर राहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं. ठाकरे गटाकडे मशाल राहिली.

महायुतीत कुडाळची जागा शिंदेंच्या शिवसेनेकडे गेली. नीलेश राणे भाजपमध्ये होते, म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी शिवसेनेत प्रवेश केला आणि उमेदवारी घेतली. ज्या चिन्हाविरुद्ध ते लोकसभेला दोनदा हरले होते, त्याच चिन्हावर ते विधानसभेला जिंकले. आणि ज्या चिन्हावर वैभव नाईक दोनदा जिंकले होते, त्याच चिन्हाने त्यांना हरवलं. नीलेश राणे ८१,६५९, वैभव नाईक ७३,४८३, फरक ८,१७६.

मतदान केंद्राबाहेर म्हाताऱ्या मतदारांचा 'आपला बाण कोणाकडे?' हा प्रश्न त्या दिवशी खरोखर ऐकू येत होता. चिन्हाच्या गोंधळाने किती मतं इकडची तिकडे झाली, ते मोजता येत नाही. मात्र तीन दशकांहून जास्त सवय असलेलं चिन्ह काही मतांचं वजन बाळगतं, एवढं या मतदारसंघापुरतं तरी मी ठामपणे म्हणेन.

१३. वैभव नाईकांची मतं घटली म्हणून ते हरले, असं सगळे म्हणतात. बरोबर का?

चूक आहे, आणि हे पान लिहिण्यामागचं एक कारण हा गैरसमजच आहे.

नाईकांची मतं ओळीने पाहा: २०१४ मध्ये ७०,५८२, २०१९ मध्ये ६९,१६८, २०२४ मध्ये ७३,४८३. हरले त्या वर्षी त्यांना दोन्ही विजयांपेक्षा जास्त मतं पडली. २०१९ पेक्षा ४,३१५ जास्त. पण समोरच्या बाजूची मतं ५४,८१९ वरून ८१,६५९ वर गेली, म्हणजे २६,८४० ची वाढ. त्यात भाजपची संघटना, शिंदे गट, केंद्रात आणि राज्यात सत्ता, लाडकी बहीण योजना आणि राज्यभर वाढलेला मतदानाचा टक्का हे सगळं एकत्र आलं. नाईकांचा मतदार त्यांना सोडून गेला असं आकडे सांगत नाहीत. समोर पूर्वी विखुरलेलं सगळं एका पारड्यात पडलं.

कार्यकर्त्यांनी 'लोकांनी नाकारलं' आणि 'लोकांनी डोक्यावर घेतलं' असे दोनच शब्द वापरायचं थांबवावं. ७३ हजार माणसं म्हणजे कुणीच नाही, असं होत नाही.

१४. राजकोटचा पुतळा पडला त्याचा निकालावर परिणाम झाला का?

४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, मालवणच्या राजकोट किल्ल्यावर पंतप्रधानांच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही उभा राहिला नाही. पंतप्रधानांनी पालघरच्या सभेत माफी मागितली. राजकोटवर दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते आमनेसामने आले. मे २०२५ मध्ये तिथे नवा पुतळा उभा राहिला.

ज्या मालवणासमोरच्या बेटावर महाराजांनी सिंधुदुर्ग बांधून घेतला, तिथे हे घडलं. त्या दिवशी मालवणात बऱ्याच घरांत जेवण गेलं नाही, आणि त्यात दोन्ही पक्षांची घरं होती. तरीही तीन महिन्यांनी निकाल सत्ताधाऱ्यांच्या बाजूने लागला. याचा अर्थ लोक विसरले असा मी काढणार नाही. प्रश्न १३ मधले आकडे पाहता राग दिसतो, पण बेरजेपुढे तो पुरा पडला नाही.

१५. लोकसभेला आणि विधानसभेला इथले लोक वेगवेगळं मत देतात का?

देतात. १९८९-९० चं उदाहरण प्रश्न ६ मध्ये आलं आहे. २००९ पासून आपण रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघात आहोत. त्यात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी येतात. २००९ ला काँग्रेसचे नीलेश राणे, २०१४ आणि २०१९ ला शिवसेनेचे विनायक राऊत, २०२४ ला भाजपचे नारायण राणे.

२०२४ च्या लोकसभेला राणेंचा फरक ४७,८५८ होता. सिंधुदुर्गातल्या तिन्ही विधानसभा भागांनी त्यांना आघाडी दिली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिन्ही भागांत राऊत पुढे होते. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, त्या वेळची रेघ ४३ वर्षांनी मतपेटीत दिसली. याच मतदारसंघात कमळ लोकसभेला जिंकलं आणि विधानसभेला मात्र ते चिन्हच यंत्रावर नव्हतं, हेही एक गमतीचं वास्तव.

१६. मच्छीमारांची मतं निकाल ठरवतात का?

एकट्याने नाही, पण अटीतटीच्या लढतीत होय. मालवण, देवबाग, तारकर्ली, आचरा या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) आणि गिलनेटवाले (पाण्यात उभं सोडायचं जाळं) पारंपरिक मच्छीमार आहेत. त्यांचं भांडण थव्याला वेढून बटव्यासारख्या आवळल्या जाणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांशी, परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलर्सशी आणि एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीशी आहे. ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारने पर्ससीनवर बंधनं घातली. तो आदेश काढणं सोपं होतं, समुद्रावर पाळायला लावणं अवघड, आणि निवडणुकीत प्रश्न विचारला जातो तो दुसऱ्याबद्दल. १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याला झालेला विरोधही याच किनाऱ्याचा.

पण पट्टी किनाऱ्याची असली तरी मतदारसंघाचा मोठा भाग आत आहे. माणगाव खोरं, कसाल, कडावल, पिंगुळी, नेरूर, वालावल. तिथे काजूचा दर, आंब्याची नुकसानभरपाई, वानर-माकडांचा उपद्रव, हत्तींची भीती आणि एसटीच्या फेऱ्या हे विषय. नुसत्या बंदरावर सभा घेणारा उमेदवार इथे निवडून येत नाही.

१७. चौतीस मतांनी लागलेला निकाल इथलाच ना?

नाही, तो शेजारच्या कणकवलीचा. २००९ साली भाजपचे प्रमोद जठार काँग्रेसच्या रवींद्र फाटकांविरुद्ध ३४ मतांनी जिंकले. 'माझ्या एका मताने काय होणार' म्हणणाऱ्याला आमच्या जिल्ह्यात आजही हाच आकडा ऐकवतात.

१८. "माझा नाव मुंबयत आसा, घर मात्र गावाक आसा. मत खंय देवचा?"

जिथे तुम्ही सामान्यतः राहता तिथे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० स्पष्ट सांगतो की एका मतदारसंघात केवळ घर आहे म्हणून माणूस तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. घरपट्टी भरणं, गणपतीला येणं, देवळाच्या मानात नाव असणं, यांपैकी काहीच पुरत नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणं तर कायद्यानेच बंद आहे आणि खोटी माहिती देऊन तसं केलं तर गुन्हा होतो.

निवृत्त होऊन गावी परतला असाल तर फॉर्म ८ भरून नाव हलवा. पहिल्यांदाच नोंदणी असेल तर फॉर्म ६. आखातात नोकरीला असलेल्यांनी परदेशाचं नागरिकत्व घेतलेलं नसेल, तर पासपोर्टवरच्या पत्त्यानुसार फॉर्म ६अ भरून गावच्या यादीत नाव घालता येतं. पण मत द्यायला स्वतः यावं लागतं.

हे उत्तर वाचून बरेच जण नाराज होतात, आणि त्यांचं दुःख मला कळतं. ज्याच्या कमाईवर गाव उभं राहिलं त्याला गावात मत नाही. पण वर्षभर इथल्या दवाखान्यात रांग लावणाऱ्या बाईचं मत तुमच्या एका दिवसाच्या मताने दाबलं जाऊ नये, हेही तितकंच खरं.

१९. २००४ चा मालवणचा निकाल आणि २००९ चा कुडाळचा निकाल यांची टक्केवारी तुलना केली तर चालेल का?

सरळ नाही. हद्दी बदलल्या (प्रश्न २), त्यामुळे एकाच नेत्याची मतं पाहत असलात तरी मतदार वेगळे आहेत. तुलना करायचीच असेल तर दोन्ही वेळी सामील असलेल्या मालवण तालुक्यातल्या गावांची केंद्रं निवडा आणि तेवढ्याचीच बेरीज करा. केंद्रनिहाय मतं फॉर्म २० मध्ये असतात. तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. टपाली मतं त्यात वेगळी दाखवलेली असतात, ती गावाच्या नावावर टाकू नका. केंद्रांचे क्रमांकही दर निवडणुकीला बदलतात, म्हणून क्रमांक न पाहता शाळेचं नाव आणि वाडी पाहून जुळवा.

२०१४ पासून नोटाचा, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' हा पर्यायही यंत्रावर आहे. त्याआधीच्या निकालांशी टक्केवारी ताडताना तो लक्षात ठेवा. नोटाची मतं वैध मतांत धरत नाहीत, त्यामुळे अनामत जप्तीच्या हिशेबातही ती येत नाहीत.

२०. उमेदवार याच मतदारसंघातला मतदार असावा लागतो का? राणे तर कणकवली तालुक्यातले.

नाही. विधानसभेसाठी उमेदवाराचं नाव राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत असलं की पुरे. म्हणूनच कणकवली तालुक्यातल्या वरवडे गावचा माणूस मालवणला, कुडाळला आणि वांद्र्यालाही उभा राहू शकला. लोकसभेला तर देशातल्या कुठल्याही यादीत नाव चालतं. अहमदनगरचे दंडवते राजापूरला आले ते त्यामुळेच. मतदाराला मात्र ही मोकळीक नाही, त्याचं मत त्याच्या गावच्या केंद्रावरच.

२१. मग याला राणेंचा बालेकिल्ला म्हणायचं की शिवसेनेचा?

मी दोन्ही म्हणत नाही. बालेकिल्ला म्हटलं की आतली माणसं कुणाची तरी शिबंदी ठरतात. याच मतदारांनी एका माणसाला मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचवलं आणि त्यालाच २०१४ ला घरी बसवलं. एका चिन्हाचं २००५ ला डिपॉझिट घालवलं आणि नऊ वर्षांनी तेच चिन्ह निवडून आणलं. २०२४ चा फरक ८,१७६ चा आहे. साधारण चार-पाच हजार माणसांनी मत बदललं की निकाल बदलतो, आणि तेवढी माणसं आचऱ्याच्या रामनवमीला एका संध्याकाळी जमतात.